स्पॅनिशची परीक्षा पास झाले, पण समोरचा बोलायला लागला की सगळं डोक्यावरून जातं

हिंजवडीची_मैना

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर झालंय असं की मी गेली साडेतीन वर्षं स्पॅनिश शिकतेय, शनिवार-रविवारचा क्लास, घरचा अभ्यास, मग डेले नावाच्या स्पॅनिशच्या परीक्षेची बी१ म्हणजे मधली पातळी दिली, पास झाले, पेढे पण वाटले. आणि त्याच जोरावर ऑफिसात मला मेक्सिकोच्या टीमबरोबर टाकलं, ग्वादालाहारातली सहा जणं आहेत. रोज रात्री साडेआठला कॉल, तिकडे सकाळचे नऊ. कामाचं बोलणं इंग्रजीत होतं त्यामुळे ते ठीक, पण कॉल सुरू व्हायच्या आधीची पाच-सात मिनिटं ते आपापसात जे बोलतात ना, हसतात, एकमेकांना चिडवतात, त्यातलं मला काही म्हणजे काही कळत नाही. अधूनमधून एखादा ओळखीचा शब्द दिसतो, गर्दीत शेजारच्या काकू दिसाव्यात तसा, आणि हात करेपर्यंत गायब. तेच बोलणं कुणी चॅटवर टाइप केलं तर मला सगळं कळतं, हे जास्त लागतं मनाला.

मागच्या महिन्यात तर कहर झाला. मला मधेच घरून फोन आला म्हणून मी ऐटीत स्पॅनिशमध्ये म्हटलं की एक मिनिट, कॉल घेते. क्लासमध्ये 'घेणे'ला 'कोखेर' शिकवलं होतं, स्पेनमध्ये बस पकडायला, फोन घ्यायला, सगळ्याला हाच शब्द. तर सहाच्या सहा जणांनी कॅमेरे बंद केले. नंतर त्यातल्या एकीने वेगळा मेसेज करून सांगितलं की बाई गं, आमच्याकडे त्याचा अर्थ फार वेगळा होतो. काय होतो ते इथे लिहीत नाही, शोधा. दोन दिवस मी कॉलवर फक्त येस आणि ओके.

आता प्रश्न. रोज कोथरूड-हिंजवडी जाऊन-येऊन अडीच तास बसमध्ये जातात, ते ऐकण्यात घालवायची तयारी आहे, पण नक्की काय आणि कसं ऐकू? आणि दुसरं म्हणजे नोव्हेंबरात तीन आठवडे सुट्टी मिळतेय. नवरा म्हणतो स्पेनला जाऊ, त्याने बार्सिलोना-माद्रिद-तोलेदो-सेविया-ग्रानादा-बालेन्सिया असा चार्ट पण काढून ठेवलाय. मला वाटतं मेक्सिको. अमेरिकेचा बिझनेस व्हिसा आहे दोघांकडे. फिरून खरंच बोलणं सुधारतं का, की नुसते फोटो येतात? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

माद्रिदवासी_कऱ्हाडकर

मैनाताई, पहिलं म्हणजे तुमचं स्पॅनिश कच्चं नाही, कान कच्चा आहे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी ११ वर्षं माद्रिदमध्ये आहे आणि पहिलं दीड वर्ष माझी हीच गत होती. डोळ्यांनी वाचलेली भाषा कानाला ओळखूच येत नाही.

असं बघा, एखाद्या फ्रेंच माणसाने पुस्तकातून मराठी शिकली आणि त्याला 'तू कुठे गेला होतास' हे पाठ आहे. तो आमच्या कराडला स्टँडवर उतरला आणि कुणी विचारलं 'कुटं गेल्तास रं', संपलं की हो त्याचं मराठी. स्पॅनिश हेच करतं. एका शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्याचा पहिला स्वर एकात एक विरघळतात. कागदावर 'बा आ आबेर ऊना रेऊन्योन' असे पाच शब्द (मीटिंग होणार आहे), कानावर येतो एकच डबा 'बाबेरूनारेऊन्योन'. त्यातून स्पेनच्या दक्षिणेकडे गेलात की शब्दाच्या शेवटचा स हवेत, आणि मधला द पण गायब, 'कान्सादो'चं 'कान्साओ'. तुम्ही शब्द शोधत बसता आणि शब्द तर तिथे सुटे नसतातच.

आणि ते भराभर बोलतात ही तक्रार खोटी नाही बरं का. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ल्योंच्या संशोधकांनी सात भाषांची मोजदाद केली होती, त्यात स्पॅनिश सेकंदाला सरासरी ७.८ अक्षरं निघाली, इंग्रजी ६.२. गंमत म्हणजे एका अक्षरात माहिती कमी असते त्यामुळे तीच गोष्ट सांगायला लागणारा वेळ दोन्हीत साधारण सारखाच. म्हणजे त्यांना घाई नसते, त्यांची अक्षरं चिल्लर आहेत, नोटा नाहीत.

उपाय काय तर बसमध्ये रोज नवीन नवीन ऐकू नका. ही चूक सगळे करतात, मीही केली, दहा पॉडकास्ट सबस्क्राइब करून ठेवायचे आणि एकही कान देऊन ऐकायचा नाही. एक आवाज निवडा. एकच माणूस किंवा बाई, दोन महिने तोच आवाज. माणूस ओळखीचा झाला की त्याचं गिळलेलं पण ऐकू येतं, आपल्या आजोबांचं दात नसलेलं बोलणं आपल्यालाच कळायचं ना तसं. ज्याचं लिखित रूप मिळतं असंच घ्या. रादिओ आम्बुलान्तेचे भाग आहेत, लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या गोष्टी, प्रत्येकाची संहिता साइटवर असते. ते जड वाटलं तर ड्रीमिंग स्पॅनिश, ते लोक तासच मोजतात, १५०० तास ऐका म्हणतात. आकडा बघून घाबरू नका पण तुमच्या साडेतीन वर्षांच्या क्लासमध्ये खरं स्पॅनिश कानावर किती तास पडलं ते प्रामाणिकपणे मोजा, निम्मा वेळ इंग्रजीत व्याकरण चाललं असणार.

जाताना कागद न बघता पाच मिनिटं तीनदा ऐका. ऑफिसात चहाच्या वेळी संहिता बघा, काय सुटलं त्यावर खूण करा. येताना परत तेच ऐका. आणि आठवड्यातून एकदा घरी बसून फक्त एक मिनिटाचं श्रुतलेखन करा, शाळेत बाई घ्यायच्या तसं, थांबवत थांबवत. एका मिनिटाला मला सुरुवातीला पाऊण तास लागायचा आणि घाम फुटायचा. माझ्यापुरतं सांगतो, सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

अजून एक, सिरीयल बघताना डब केलेली घेऊ नका. डबिंगवाल्यांचं भाषांतर वेगळं असतं आणि सबटायटल करणाऱ्यांचं वेगळं, त्यामुळे कान एक ऐकतो, डोळा दुसरं वाचतो, डोकं फिरतं. मुळात स्पॅनिशमध्ये बनलेलंच बघा आणि सबटायटल पण स्पॅनिशच ठेवा.

प्रवासाचं नंतर लिहितो, मुलीला आणायला जायचंय.

---

टिंबटिंब

ड्युओलिंगो ॲपवरच्या हिरव्या पक्ष्याचा किती दिवसांचा स्ट्रीक आहे ते नाही सांगितलंत :)

---

हिंजवडीची_मैना

९१२ दिवस. हसू नका. 'घुबड दूध पिते' हे मी झोपेत पण म्हणू शकते, अजून एकाही मेक्सिकन माणसाने घुबडाचा विषय काढला नाही.

---

शेंगदाण्याचा_लाडू

कऱ्हाडकरांशी सहमत पण एक मुद्दा राहिला, तो म्हणजे आपण सगळे स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो आणि इथेच घोडं पेंड खातं. मी पुण्यात सहा वर्षं शिकवलंय त्यामुळे अनुभवाने सांगते, जो विद्यार्थी मनात आधी इंग्रजी वाक्य करतो तो बोलताना अडतो, आणि जो मराठी करतो त्याला निम्म्या गोष्टी फुकट मिळतात.

'मे गुस्ता एल काफे' शिकवताना इंग्रजी पुस्तकं दोन पानं खर्च करतात, की बघा इथे आवडणारी वस्तू कर्ता आहे वगैरे. अहो 'मला कॉफी आवडते'! आणि आंबे असतील तर 'मे गुस्तान', मला आंबे आवडतात. काही समजावायचं उरतच नाही. ग्लास फुटला की 'से मे कायो', म्हणजे माझ्या हातून पडला, मी पाडला नाही हो, आपोआप पडला, ही पळवाट आपल्या भाषेत आहे तशी त्यांच्याही भाषेत आहे. आणि तो सब्जंक्टिव्ह (इच्छा वगैरे सांगताना क्रियापद बदलतं ते रूप), ज्याच्या नावाने पोरं रडतात, 'किएरो के बेंगास', तू यावंस असं मला वाटतं. 'यावंस' म्हणताना आपल्याला कुणी क्लास लावला होता का? सगळीकडे जुळत नाही हे कबूल, पण बोलताना हात धरायला पुरतं.

उच्चारात पण आपण बसल्या जागी पुढे आहोत. त्यांचा त म्हणजे आपला त, द म्हणजे द, दातांवर. इंग्रजीच्या नादाने लोक 'टेंगो' म्हणतात ते 'तेंगो' आहे. श्वास न सोडता क, त, प म्हणता येणं ही इंग्रजी माणसाला महिनोन्महिने न जमणारी गोष्ट, आपल्याला बाराखडीतच मिळाली.

आणि कृपा करून प्रत्येक वाक्यात 'यो', म्हणजे 'मी', लावू नका. 'यो किएरो, यो तेंगो, यो बोय'. आपण 'येते हं' म्हणतो, 'मी येते' कधी म्हणतो, तर दुसरं कुणी येत नसेल तेव्हा. तिकडे पण तसंच आहे.

बोलायला लागायचं तर आधी भराव शिका. शब्दसंग्रह गेला उडत. 'ओ सेआ' म्हणजे आपलं 'म्हणजे', 'एस के' म्हणजे 'त्याचं काय आहे ना', 'आ बेर' म्हणजे 'बघू', 'प्वेस' म्हणजे 'मग काय'. एवढ्या चार शब्दांवर माणूस विचार करायला पुरेसा वेळ काढतो आणि समोरच्याला वाटतं वा, काय अस्खलित. ऐकताना पण हे शब्द आधी ओळखायला शिका, कारण त्यात माहिती शून्य असते, ते गाळले की वाक्याचा वेग आपोआप कमी होतो.

अवांतर: आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला, स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे. क्लासमध्ये हा एक शब्द कुणालाच पाठ करावा लागत नाही.

---

माद्रिदवासी_कऱ्हाडकर

लाडूताई, 'से मे कायो'ला दंडवत. आमच्या घरी मुलगी हेच सांगून सुटते, दोन्ही भाषांत.

तर प्रवास. मैनाताई, मिस्टरांचा चार्ट बघून मला धडकीच भरली. तीन आठवड्यांत सहा शहरं म्हणजे तुम्ही स्पॅनिश बोलणार फक्त हॉटेलच्या काउंटरवर, आणि तो काउंटरवाला तुमच्याशी इंग्रजीत बोलणार. इथे ११ वर्षं राहून 'ओला' आणि 'ग्रासियास'च्या पुढे न गेलेले आपलेच लोक मला माहितीयेत, ऑफिस इंग्रजीत, मित्र भारतीय, टीव्ही मराठी. देश बदलून भाषा येत नाही.

माझं बोलणं सुटलं ते घराखालच्या बारमुळे. बार म्हणजे तसला नाही, इथे बार म्हणजे सकाळी कॉफी, दुपारी जेवण, संध्याकाळी म्हातारे पत्ते खेळतात अशी जागा. रोज सकाळी सव्वाआठला मी तिथे उभा राहून कॉफी घ्यायचो. पहिले दोन महिने फक्त 'बुएनोस दियास'. मग एक दिवस तो बारवाला मला बघून म्हणाला 'लो दे सिएम्प्रे?', नेहमीचं का? खोटं नाही सांगत, त्या दिवशी मला ऑफर लेटर मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

आणि एक सवय मोडावी लागली. आपल्याला शिकवलेलं असतं की दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं. इथे पूर्ण होऊ देत बसलात तर तुमची पाळी येतच नाही, चार जण एकाच वेळी बोलतात, आणि गप्प बसलेल्या माणसाला विचारतात की बाबा रे बरं नाही का. जेवण झाल्यावर ताटं तशीच ठेवून दीड-दोन तास बसून राहतात, त्याला 'सोब्रेमेसा' म्हणतात, रविवारी तर संध्याकाळ होते. खरी भाषा तिथे असते. पर्यटकाला त्या टेबलावर जागा मिळत नाही ही अडचण आहे, आणि तीन आठवड्यांत मिळणारही नाही.

---

चालता_बोलता_काका

कऱ्हाडकर, जागा मिळते हो, पायी गेलं तर मिळते.

मी ६६ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. आळंदी ते पंढरपूर नऊ वाऱ्या झाल्या. २०२३ च्या मे महिन्यात मुलाने स्पेनला बोलावलं तर मी म्हटलं म्युझियमं तुम्ही बघा, मला ती सांतियागोची वाट, म्हणजे तिकडची ख्रिस्ती वारी, चालायचीय. स्पॅनिश म्हणाल तर निवृत्तीनंतर वेळ घालवायला शिकलेलं, ए२ च्या आसपास, म्हणजे बी१च्या एक पायरी खाली. परीक्षा वगैरे काही दिली नाही.

सारिया नावाच्या गावापासून सांतियागो दे कॉम्पोस्तेला, साधारण ११५ किलोमीटर, मी सात दिवस घेतले, गुडघ्यांनी ठरवलं तसं. पूर्ण फ्रेंच वाट चालायची तर फ्रान्सच्या हद्दीपासून पावणेआठशेच्या वर आहे, ते तरुणांचं काम. सारियापासून स्पॅनिश लोकच फार भेटतात, कारण प्रमाणपत्राला शेवटचे १०० किलोमीटर पायी पुरतात आणि त्यांना सुट्टी आठवड्याचीच असते. एक पुस्तिका देतात, तिच्यावर वाटेतल्या चर्चमध्ये, कॉफीच्या टपरीवर, मुक्कामाच्या ठिकाणी शिक्के घ्यायचे, दिवसाला दोन. शिक्का घ्यायला थांबलं की बोलणं होतंच.

आता मुद्द्याचं. वारीत नवीन माणूस भेटला की आपण काय विचारतो, कुठली दिंडी, गाव कोणतं, कितवी वारी, पाय काय म्हणतात, आज मुक्काम कुठे. तिथे अक्षरशः हेच पाच प्रश्न! कुठून आलात, कुठून चालायला लागलात, पाय कसे आहेत, आज कुठवर. 'के ताल लोस पिएस?' हे वाक्य मी त्या सात दिवसांत शंभरदा ऐकलं असेल. पहिल्या दिवशी मी उत्तर देताना अडखळत होतो. तिसऱ्या दिवशी त्याच उत्तरात विनोद घालायला लागलो, की पाय माझे नाहीत, मुलाचे उसने आणलेत. पाचव्या दिवशी एका निवृत्त पोस्टमनबरोबर तीन तास चाललो, पेन्शन, सुना, पाऊस, सगळं झालं. माझं व्याकरण तेच होतं, वाढलं नव्हतं. पण तेच बोलणं रोज पंधरा वेगवेगळ्या माणसांशी केलं की जिभेचा गंज जातो. आणि माणूस नवा असल्यामुळे कालची चूक त्याला माहीत नसते, ही मोठी सोय.

वारीत सगळे माऊली, तिथे सगळे अरे-तुरे, डॉक्टर असो की शेतकरी. जाताना 'ब्वेन कामिनो', म्हणजे वाट सुखाची होवो, म्हणायचं. मला तर चौथ्या दिवशी चुकून तोंडातून 'रामकृष्णहरी' निघालं, समोरचा म्हणाला 'इग्वालमेन्ते', म्हणजे तुम्हालाही तेच.

शाकाहारी असाल तर एक धोक्याची सूचना. 'बोकादियो बेखेताल' म्हणजे भाज्यांचं सँडविच समजून मी मागवलं, आत ट्यूना मासा आणि अंडं. मिक्स सॅलड मागवलं, त्यावरही ट्यूना. मासा हा त्यांच्या हिशेबात मटण नाही, संपला विषय. त्यामुळे 'मांस नको' म्हणून भागत नाही, मासा नको, हॅम नको, ट्यूना नको अशी पूर्ण यादी म्हणायला मी शिकलो, आणि माझं सगळ्यात सफाईदार स्पॅनिश तेच आहे. बटाट्याचं ऑम्लेट आणि पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या यांच्यावर आठवडा काढला. त्या मिरच्यांतली एखादीच तिखट लागते आणि कोणती ते देवालाच ठाऊक, टेबलावरचे सगळे जण तुमच्या तोंडाकडे बघत बसतात.

नोव्हेंबरात मात्र जाऊ नका, गालिसियात, म्हणजे या वाटेच्या भागात, पाऊस असतो आणि बरीचशी मुक्कामाची ठिकाणं बंद झालेली असतात.

---

टिंबटिंब

काका, 'पाय उसने आणलेत' ___/\___

---

बिरोते_पाव

योगायोग बघा, मी २०१६ ते २०२१ ग्वादालाहारातच होतो, आयटीतच, त्यामुळे हा धागा म्हणजे माझ्यासाठी माहेरचं बोलावणं आहे. मोबाईलवरून टाइप करतोय, चुका असतील.

मैनाताई, वरचं सगळं बरोबर आहे पण तुमच्या कॉलमध्ये माद्रिदचं स्पॅनिश चालू नाहीये, ते तापातियो लोकांचं आहे (ग्वादालाहाराच्या माणसाला तापातियो म्हणतात). त्यामुळे बाकी सगळ्या देशांचं ऐकणं तूर्त बंद करा. अर्जेंटिना, चिले, स्पेन सगळं नंतर. तुमचा कान मेक्सिकन करा. क्लासमध्ये शिकलेलं फुकट नाही जात, फक्त वरचा रंग बदलायचा. मीटिंगला तिकडे 'रेऊन्योन'पेक्षा 'खुंता' जास्त ऐकाल, लिंकला 'लिगा', तपासून बघायला 'चेकार', कॉम्प्युटरला 'कोम्पुतादोरा', गप्पा मारायला 'प्लातिकार', आणि बसला 'कामियोन', जो स्पेनमध्ये ट्रक असतो. हे सगळे तुमच्या कॉलवर रोज येत असणार आणि तुम्ही पुस्तकातला शब्द यायची वाट बघत असणार. इंजिनिअरला सगळे 'इन्खे' म्हणतात, आपल्याकडे 'काय साहेब' म्हणतात तसं, नाव घेतच नाहीत. तुम्हाला वाटलं असेल कुणीतरी इन्खे नावाचा माणूस टीममध्ये आहे.

ऐकू आलं नाही तर 'के?' म्हणू नका, ते आपल्या 'काय??' सारखं अंगावर जातं. 'मांदे?' म्हणा, म्हणजे 'काय म्हणालात?'. फोन उचलला की 'ब्वेनो?' म्हणतात, 'बरं?' असा अर्थ लावत बसू नका, ते नुसतं हॅलो आहे. आणि 'आओरिता'वर कधी विसंबू नका. शब्दशः 'आत्ताच', पण ते आपल्या 'हा काय निघालोच' सारखं आहे, माणूस अजून आंघोळीला गेलेला नसतो. माझी एक डिलिव्हरी या शब्दावर चार दिवस लटकली होती.

त्यांच्या हसण्याचं मनाला लावून घेऊ नका. तिकडे 'आल्बूर' नावाचा प्रकार आहे, साध्या वाक्यातून दुसरा अर्थ काढून समोरच्याला गार करायचं, तमाशातल्या बतावणीसारखं. दुसऱ्या देशातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाला पण तो कळत नाही. तुम्ही त्यात उतरू नका, फक्त ओळखायला शिका की आत्ता कामाचं काही चाललेलं नाही. आणि कोखेरचा किस्सा? अहो, स्पेनहून आलेल्या प्रत्येकाचा हा होतो, त्यांना सवय आहे.

आता नोव्हेंबर. पाऊस जूनपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा हवा मस्त. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, तरी निघायच्या आधी वकिलातीच्या साइटवर बघून घ्या. जमलं तर १ आणि २ तारखेच्या आत पोचा, मृतांचा सण असतो, म्हणजे आपला पितृपंधरवडाच, फक्त रडका नाही. गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचं खाणं, आणि सगळीकडे झेंडू. झेंडू बघून मला पहिल्या वर्षी दसऱ्याची आठवण येऊन गलबललं होतं, नंतर कळलं झेंडू मूळचा त्यांचाच, आपण पाहुण्याला घरचं करून घेतलंय. तिथे उभ्या माणसाला 'हे कुणाचे?' एवढं विचारा, पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलायची गरज नाही, फक्त ऐकायचं. आणि महिन्याच्या शेवटी त्याच शहरात मोठा पुस्तक मेळा असतो, १९८७ पासून चालू आहे, स्पॅनिश जगातला सगळ्यात मोठा, लेखकांच्या मुलाखती असतात. तुमच्या तीन आठवड्यांत दोन्ही बसणार नाही, एक निवडा.

राहायचं म्हणाल तर हॉटेल नको, एखाद्या घरात खोली घ्या, आजीबाई असलेलं घर मिळालं तर सोन्याहून पिवळं. एकाच मोहल्ल्यात राहा. आठवड्यातून एकदा रस्त्यावर 'तियांगिस' भरतो, म्हणजे आठवडी बाजारच, दर आठवड्याला त्याच भाजीवालीकडे जा. काकांनी वारीचं सांगितलं ते मला बाजारात मिळालं. पहिल्या आठवड्यात बोट दाखवून टोमॅटो घेतले, तिसऱ्या आठवड्यात तिने मला तिच्या जावयाची गाऱ्हाणी सांगितली. नवऱ्याला फोटोच हवे असतील तर त्लाकेपाकेला एक दिवस पाठवा, मातीची भांडी बघत बसेल.

आणि तोर्ता आओगादा. बिरोते नावाचा कडक पाव, आत डुकराचं मांस, आणि अख्खं सँडविच लालभडक तिखट रश्श्यात बुडवलेलं. मिसळीचा लांबचा चुलतभाऊ समजा. मांस खात नसाल तर आत नुसते बीन्स घालून द्या म्हणा, नाक मुरडतील पण देतील. पूर्ण बुडवून की अर्धं, असं विचारतात. भारतीय बाईने पूर्ण म्हटलं की गाडीवरची सगळी माणसं वळून बघतात, आणि मग गप्पा सुरू.

---

माद्रिदवासी_कऱ्हाडकर

आमच्या स्पेनला बाद केलंत राव. पण मान्य. कोल्हापूरला नोकरी लागलीय तर नागपूरची बोली शिकून काय उपयोग.

---

हिंजवडीची_मैना

मंडळी, पाच आठवडे झाले, सांगितलंत तसं करतेय म्हणून अहवाल द्यायला आले.

श्रुतलेखनाचे हाल विचारू नका. पहिल्या रविवारी एका मिनिटाला बावन्न मिनिटं लागली आणि तरी नऊ जागा रिकाम्या. आता वीस मिनिटांवर आलंय. कऱ्हाडकर, एकच आवाज धरायचा हे खरंच भारी आहे, एक मेक्सिकन बाई पकडलीय, स्वयंपाक आणि घरगुती गप्पा करते, तिचा खोकला सुद्धा आता ओळखते मी. बसमध्ये तिच्या मागून पुटपुटत बोलते त्यामुळे शेजारच्या सीटवर हल्ली कुणी बसत नाही, हा वेगळाच फायदा.

लाडूताई, 'एस के' कानात बसल्यावर कळलं की आमच्या टीममधला एक मुलगा निम्मा वेळ फक्त 'एस के, ओ सेआ, प्वेस' एवढंच म्हणत असतो. मी सहा महिने त्याला फार हुशार समजत होते.

आणि इन्खे म्हणजे मीच निघाले. ते मला हाक मारत होते आणि मी गप्प.

परवाचं सांगते. नेहमीप्रमाणे कॉल सुरू व्हायच्या आधी ते जोडून आलेल्या सुट्टीबद्दल बोलत होते, त्याला 'प्वेन्ते' म्हणजे पूल म्हणतात एवढं मला कळलं, कोण कुठे जाणार ते पण अर्धंमुर्धं कळलं. तेवढ्यात एकीचा कॅमेरा चालू होता आणि ती चिलाकिलेस खात होती, तर मी म्हटलं 'प्रोबेचो', म्हणजे जेवण अंगी लागो. हा शब्द माझ्या पॉडकास्टवाल्या बाईकडून उचललेला. दोन सेकंद शांतता. मग सगळे एकदम 'ग्रासियास, इन्खे!'. मग तिने विचारलं तुमच्याकडे रात्रीचं जेवण काय, मी म्हटलं मुगाची खिचडी, आता खिचडी कशी सांगू, तांदूळ आणि डाळ एकत्र, वर तूप, तुपाला शब्द आठवेना म्हणून लोण्याला उकळलं की जे होतं ते, असं सगळं 'एस के' आणि 'ओ सेआ' लावत लावत सांगितलं. एक जण म्हणाला हे तर आजारी माणसाचं जेवण वाटतंय. मी म्हटलं आजारी माणसाचं पण आणि आळशी माणसाचं पण. हसले! माझ्यावर नाही, मी केलेल्या जोकवर हसले.

मॅनेजर आला तेव्हा आठ मिनिटं उशीर झाला होता.

तिकिटं ग्वादालाहाराची काढलीत, २९ ऑक्टोबरला निघतोय. नवऱ्याला मिसळीचा चुलतभाऊ सांगितल्यावर तो चार्ट त्यानेच फाडला. बिरोतेदादा, आजीबाई असलेलं घर कोणत्या भागात शोधू, आणि तो बाजार तिथे कोणत्या वारी असतो?